चाकू विकत मिळतो, दोरी मिळत नाही

भावनगरहून बोलतोय. कॅमेरा आज मुद्दाम थोडा खाली घेतलाय, कारण माझ्या चेहऱ्यापेक्षा टेबलावर काय आहे ते दिसणं जास्त गरजेचं आहे. अकरा चाकू आहेत, सगळे मिटलेले. त्यांतल्या चारांना दोरी आहे आणि सातांना नाही. त्या सातांच्या दोऱ्या कुठे गेल्या, यावर आज बोलायचंय.

विषय आहे खलाशाच्या खिशातला घडीचा चाकू आणि त्याला बांधलेली दोरी, म्हणजे लॅनयार्ड. शब्द नवा वाटेल, पण वस्तू तुम्ही पाहिली आहे. एनसीसीत, स्काउटात किंवा पोलिसाच्या गणवेशावर शिट्टीला बांधलेली जी वेणीदार दोरी खांद्यावरून खिशात जाते, ती लॅनयार्डच. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात लटकवतो तो पट्टाही त्याच घराण्यातला. पण या दोऱ्यांचा खलाशी पूर्वज शिट्टी सांभाळत नव्हता, चाकू सांभाळत होता.

मी स्वतः दर्यावर्दी नाही. बँकेतली नोकरी, बदलीवर इथे आलो आणि इथलाच झालो. भावनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर अलंग आहे. आपल्या ट्रेकर मंडळींचा अलंग-मदन-कुलंगमधला अलंग नव्हे. हा खंभातच्या आखातावरचा, जिथे जगभरची जुनी जहाजं मोडायला येतात. १९८३ साली इथे हे काम सुरू झालं. आखाताची भरती-ओहोटी प्रचंड. मोठ्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर थेट किनाऱ्यावर घुसवतात, ओहोटीला ते कोरडं पडतं आणि मग गॅसकटर घेऊन माणसं त्याच्यावर चढतात. पोलाद रोलिंग मिलला जातं. बाकीचा संसार रस्त्याकडेच्या दुकानांत येतो: गाद्या, कपबश्या, सोफे, दिवे, लाइफजॅकेटं. आणि कुठल्यातरी प्लॅस्टिकच्या टोपलीत, पाने आणि स्क्रूड्रायव्हरांच्या खाली, चाकू.

आधी चाकू बघू, मग दोरी.

हा बघा. हा अलंगचा नाही, मुंबईच्या चोरबाजारात मिळाला. शेफिल्डचा, १९४३ सालचा. साल धातूवर ठोकलेलं आहे आणि शेजारी हा बाण, ब्रॉड अॅरो. ब्रिटिश सरकारी मालाची ही खूण. मुठीवर काळ्या चौकटी-चौकटी खोदल्यात, म्हणजे ओल्या हातातून सटकू नये. एका बाजूला पातं. दुसऱ्या बाजूला हा जाड टोकदार सुळा, मार्लिनस्पाइक. काहींना शिवाय डबा फोडायचं ओपनर असतं. आणि मुठीच्या टोकाला ही तारेची कडी. कडी कशासाठी आहे ते बहुतेक विकणारे विसरलेले असतात.

सुळ्याचं काम दोराशी. तिपेडी दोराचे पेड घट्ट पिळलेले असतात. टोकाला कायमचा फास करायचा असेल किंवा दोन दोर एकजीव करायचे असतील तर गाठ मारत नाहीत, कारण गाठीने दोराची ताकद बरीच कमी होते. पेड उकलून एकमेकांत विणतात. त्याला स्प्लाइस म्हणतात. तिथे बोट शिरत नाही, सुळा शिरतो. गंजून बसलेल्या शॅकलची पिन फिरवायलाही हाच. अणकुचीदार म्हणावी अशी या चाकूत हीच एक वस्तू, आणि तिला धार नाही.

धार आहे ती पात्याला, पण त्याला टोक नाही. नीट बघा. धारेची कड सरळ, आणि पाठीची कड पुढे येऊन गोल वळून खाली उतरते. इंग्रजीत याला शीप्सफूट म्हणतात, म्हणजे मेंढीचं पाऊल. यावर एक गोष्ट हमखास ऐकवतात, की कप्तान लोक खलाशांच्या चाकूंची टोकं मोडून टाकत, म्हणजे मारामारीत कोणी कोणाला भोसकू नये. गोष्ट सांगायला बरी आहे, पण पात्याचा आकार समजायला तिची गरज नाही. डोलणाऱ्या डेकवर, एका हाताने आधार धरून, दुसऱ्या हाताने ताणलेला दोर कापताना जहाजाने धक्का दिला तर टोकाचा चाकू पहिल्यांदा स्वतःच्या मांडीत किंवा शेजाऱ्याच्या पोटात जातो. शिडालाही टोक लागलं की भोक. शिवाय जाड दोर खलाशी करवतीसारखा घासत बसत नाही. पातं दोरावर टेकवायचं, खाली लाकूड, आणि पाठीवर मोगरीचा ठोका. एका ठोक्यात साफ. त्यासाठी पाठ जाड हवी आणि धार सरळ हवी. पातं त्याच मापाचं आहे.

इथे मला रामपुरी आठवतो. घडीचा चाकू म्हटलं की आपल्या पिढीला आधी तोच दिसतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा लांब टोकदार पात्याचा, गरारीचा, उघडताना कटकट आवाज करणारा. १९६५ सालच्या ‘वक्त’मधल्या राजकुमारच्या त्या प्रसंगाने चाकूला जी शान दिली ती अजून उतरलेली नाही. रामपुरी कारागिरी उत्तम असते, मी तिला नावं ठेवत नाही. पण तो चाकू समोरच्याला दिसावा म्हणून आहे, आणि त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून. खलाशाचा चाकू कोणी बघायला नसतोच. नखाच्या खाचेत नख घालून हळू उघडायचा, काम करायचं, मिटवायचा. घरी पाहुणे हे चाकू पाहून “बापरे” म्हणतात तेव्हा मी त्यांना पात्याचं बोथट नाक दाखवतो.

आता दोरी.

शिडाच्या जहाजावर माणूस उंच डोलकाठीवर चढून आडव्या काठीवर पोटावर ओणवा होऊन काम करायचा. पायाखाली एकच दोर. तिथून चाकू निसटला तर दोन गोष्टी होतात. खाली डेकवर माणसं असतात, त्यांतल्या कोणाच्या तरी डोक्यावर तो पडतो. आणि वरच्या माणसाकडे आता चाकू नाही, म्हणजे अडकलेला दोर तो कापू शकत नाही, आणि दुसरा चाकू आणायला खाली जाऊन परत वर यायचं म्हणजे वादळात किती वेळ. म्हणून दोरी. गळ्यात घातलेली, छातीवरून खाली चाकूपर्यंत. हात पूर्ण लांब केला तरी ताण येणार नाही इतकी लांब, आणि खिशात ठेवल्यावर कशात अडकणार नाही इतकी आखूड. ब्रिटिश नौदलात १८५७ साली खलाशांना पहिल्यांदा ठरावीक गणवेश मिळाला. पुढे त्या गणवेशावर जी पांढरी दोरी दिसत राहिली ती मुळात चाकूची. चाकू गेला तरी शोभेसाठी ती राहिली. ब्रिटिश तोफखान्यातही तसंच झालं.

तुम्ही म्हणाल शिडं गेली, डोलकाठ्या गेल्या, आता ही हौसच उरली. तसं नाही, आणि मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. जहाजावरच्या जीवरक्षक साधनांचा एक आंतरराष्ट्रीय नियमसंग्रह आहे, एलएसए कोड. १ जुलै १९९८ पासून तो बंधनकारक आहे. लाइफबोटीत काय काय असलंच पाहिजे याची त्यात यादी आहे: वल्ही, पाणी, खाणं, दोन कुऱ्हाडी, आरसा, शिट्टी. आणि एक घडीचा चाकू, दोरीने होडीला बांधून ठेवलेला. नुसता चाकू असून भागत नाही, दोरीही नियमातच लिहिली आहे. फुगणाऱ्या लाइफराफ्टला तर न मिटणारा चाकू लागतो, तरंगणाऱ्या मुठीचा, त्यालाही दोरी, आणि तो ठेवायची जागासुद्धा ठरलेली: छताच्या बाहेरच्या खिशात, तराफ्याला जहाजाशी बांधणारा दोर जिथे असतो त्याच्या जवळ. का, ते उघड आहे. जहाज बुडतंय, तराफा अजून त्याला बांधलेला आहे, अंधार आहे, थंडीने बोटं वाकत नाहीत. त्या वेळी चाकू शोधावा लागला तर संपलंच. आणि सापडलेला चाकू गारठलेल्या बोटांतून समुद्रात पडला तरी संपलं.

ज्या माणसांनी हे कलम लिहिलं त्यांना पक्कं माहीत होतं की चाकू आणि दोरी ही एकच वस्तू आहे. बाजाराला ते माहीत नाही.

या सात चाकूंच्या कड्या बघा. हा, हा आणि हा, तिन्ही अलंगच्या लाइफबोटींतले. कडीत अजून दोन-तीन धागे अडकलेत. कापल्याची खूण साफ आहे, म्हणजे दोरी कुजून तुटलेली नाही, कापलेली आहे. आणि बहुतेक त्याच चाकूने! दुकानदार चाकू पुसतो, गंज घासतो, दोरी कापून फेकतो, कारण ती तेलकट, मळकी असते आणि गिऱ्हाइकाला चकचकीत माल लागतो. एकाला मी म्हटलं, दोरी का कापलीत? तर म्हणाला, “दोरी तो मेली छे, साहेब. नवी नाखी आपुं?” गुजरातीत मेली म्हणजे मळकी. माझ्या मराठी कानाला मात्र ती मेलीच असं ऐकू आलं. लगेच त्याने निळ्या नायलॉनचा तुकडा बांधून दिला. भला माणूस होता. दहा रुपयेही जास्त घेतले नाहीत.

मी त्याला दोष देत नाही. दोष आम्हा जमवणाऱ्यांचा आहे. आम्हीच पात्यावरचं नाव बघतो, साल बघतो, बाण बघतो, आणि त्यावर भाव ठरवतो. पण विचार करा. १९४३चा हा चाकू कारखान्याने हजारोंनी बनवला. एकासारखा दुसरा. त्याच्यात त्याच्या मालकाचं काय आहे? थोडी झिजलेली धार, बस. दोरी मात्र मालकाने स्वतः केलेली असायची. गस्त नसलेल्या वेळी, डेकवर बसून, मिळेल त्या सुताची. किती पेडांची वेणी, कुठली गाठ, गळ्यात की कमरेला, हे सगळं त्याने ठरवलेलं. शेफिल्डचा चाकू आजही मागवून मिळतो. ती दोरी परत मिळत नाही.

या चार दाखवतो. पहिली डांबरवलेल्या सुताची, काळपट. नाकाशी धरली तर अजून वास येतो. चार पेडांची वेणी, अगदी एकसारखी घट्ट, एकदाही चुकलेला नाही गडी. दुसरी नारिंगी नायलॉनची, लाइफबोटीतली. तिच्यात हाताची कला काही नाही, साधा फास आहे, पण कुणीतरी न कापता ती टिकलीय म्हणून मला मोलाची. तिसरी पांढऱ्या सुती दोऱ्याची. तिच्यावर हा फुगीर मणी सरकतो तो मणी नाही, गाठ आहे, टर्क्स हेड. तुर्काच्या पगडीसारखी दिसते म्हणून ते नाव. आपल्याकडे पटवेकरी दागिने गुंफताना दोऱ्यातूनच बोंड उभं करतात, त्याच जातीचं काम. मानेमागे येणारा भाग घासून मऊ झालाय, रंगही पिवळट.

आणि ही चौथी. हिच्यावर माझा जीव आहे. मूळची दोरी भुऱ्या रंगाची, साधी. मध्येच तुटलीय, आणि तिथे हिरव्या नायलॉनच्या धाग्याने जोड दिलाय. मासेमारीच्या जाळ्याचा तो धागा. जोड सुबक नाही, पण मी जोर लावून ओढून पाहिलाय, हलत नाही. नवी दोरी त्याच जहाजावर हवी तितकी मिळाली असती. या माणसाने जुनीच जोडली. हा कोण, कुठल्या देशाचा, मला कळायची सोय नाही, जहाज केव्हाच सळया होऊन गेलं. दुकानदाराला मी हा न पुसता, न कापता मागितला तेव्हा त्याने मला थोडं वेड्यात काढलं असणार.

गाठींत रस असेल तर एकच नाव सांगतो. क्लिफर्ड अॅशली, अमेरिकन चित्रकार. १९०४ साली व्हेल पकडणाऱ्या जहाजावर स्वतः जाऊन आलेला. त्याचं गाठींचं पुस्तक १९४४ साली आलं, साडेतीन हजारांहून जास्त नोंदींचं, चित्रं त्याचीच. चाकूच्या दोरीची खास गाठ, दोन पेडांची, हिऱ्याच्या आकाराची, तीही त्यात आहे. पुस्तक महाग आहे, पण वाचनालयाला मागवायला सांगा.

जमवायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. दोरी असलेला चाकू दिसला तर मळका आहे म्हणून सोडू नका, आणि घरी आणून धुऊ तर मुळीच नका. साबणाने डांबर जातं आणि सूत फुगून वेणी सैल पडते. मऊ ब्रशने धूळ काढा, बस. पात्याला बफिंग करू नका, त्यावर ठोकलेलं साल आणि नाव पुसटतं. बोटभर हलकं तेल पुरे, आणि ते दोरीला लागू देऊ नका. दोन्ही महायुद्धांतले बहुतेक चाकू साध्या कार्बन पोलादाचे आहेत, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात ते चार दिवसांत तांबूस होतात. गंमत बघा, न गंजणारं पोलाद हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली शेफिल्डमध्येच काढलं, आणि त्याच शहराने पुढची तीस वर्षं समुद्रावर गंजणारे चाकू पाठवले. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, चामडं कमावायच्या द्रव्यांनी पोलाद खराब होतं. मूठ शिंगाची असेल तर अधूनमधून बघत जा, शिंग खाणारे किडे असतात.

शिंगावरून आठवलं. शेफिल्डला भारतातून म्हशीचं शिंग जायचं आणि सांबरशिंगही जायचं. म्हशीच्या शिंगाची मूठ असेल तर हरकत नाही. सांबरशिंग किंवा हस्तिदंत असेल तर भारतात त्याच्या खरेदी-विक्रीच्या वाटेला जाऊ नका. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि “जुना आहे हो” एवढं म्हणून सुटका होत नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: खिशात ठेवून फिरता येतं का? १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरकाम, शेती, उद्योगासाठी बनवलेली वगळलेली आहेत. आपला चाकू तीन इंचांच्या आतबाहेर. पण एवढ्यावर खूश होऊ नका. दिल्लीत १९८०ची अधिसूचना आहे. खटक्याचे, गरारीचे, बटणाचे किंवा इतर यांत्रिक युक्तीने उघड-मीट होणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल, तर त्यात येतात. म्हणून दिल्लीकरांनी आधी पट्टी घेऊन मोजा. महाराष्ट्रात पोलीस कायद्याचं कलम ३७ आहे. त्याखाली मनाईचे आदेश निघतात, विशेषतः सण, निवडणूक, मोर्चा अशा वेळी, आणि त्या कलमात चाकू हा शब्द स्पष्ट आहे, पात्याच्या मापाचा प्रश्नच येत नाही. विमानात हातातल्या बॅगेत चालणार नाही, चेक-इन सामानात टाका.

माझं मत विचाराल तर जुना चाकू बाहेर नेऊच नका. जप्त झाला तर गेला, आणि त्याच्याबरोबर दोरीही गेली. वापरायला नवा घ्या. जर्मनीत झोलिंगेनला ऑटर कंपनी अजून लाकडी मुठीत पितळी नांगर बसवलेला, त्याच बोथट नाकाचा चाकू बनवते. फ्रान्समध्ये तिएरला याच घाटाचा, पण कुणास ठाऊक कसं, ‘लंडन’ नावाचा चाकू बनतो. तोही महाग वाटला तर साधा घडीचा चाकू घ्या, फक्त कडी असलेला बघा. आणि वापरायचा कुठे? बागेत, होडीवर, ट्रेकच्या तंबूपाशी, घरी पार्सल उघडायला. गर्दीत, रेल्वेत, मेट्रोत नाही. तिथे कापायला दोर नसतोच.

दोरी मात्र स्वतः करा. सुती दोरी, दुहेरी धरायची, मध्य चाकूच्या कडीत. मोठ्या मुलांनाही शिकवा, दोरी आहे, कोणाला काही होत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा. गळ्यात घालायची पद्धत शिडाच्या काळातली, जेव्हा जवळपास फिरणारं यंत्र नव्हतं. विंच, बोअरवेलची मोटर, पिठाची गिरणी, ड्रिल मशीन, यांच्या आसपास काम असेल तर गळ्यात दोरी घालू नका, खेचली गेली तर मानच जाते. कमरेच्या पट्ट्याला बांधा. लांबी अशी ठरवा: पट्ट्याला बांधून ताठ उभे राहा, चाकू हातात घेऊन हात समोर पूर्ण लांब करा. दोरी किंचित सैल राहिली पाहिजे. मग हात सोडा, चाकू खाली लोंबू द्या. जमिनीला लागला तर दोरी लांब झाली.

हे बघा, माझी घोट्याच्या वरच थांबते. आता मधली गाठ सावकाश बांधून दाखवतो. उजवं टोक वर घ्या.